कढत, कोमट की बोअरचं?

तोंड कोमट पाण्याने धुवावं, हा सल्ला इतक्या ठिकाणी छापून येतो की तो कुठल्या हवेत जन्मला हे कुणी विचारत नाही. ज्या देशांत हिवाळाभर नळाला बोटं बधिर करणारं पाणी येतं, तिथे 'कोमट पाणी घ्या' म्हणजे 'पाणी जरा तापवा'. परभणीत मे महिन्यात दुपारी दोन वाजता बेसिनचा नळ सोडून पाहा. गच्चीवरच्या काळ्या टाकीत सकाळपासून तापलेलं पाणी येतं, आणि पहिला ओंजळभर मारा गालावर घेतला की माणूस दचकून मागे सरतो. त्या वेळी कोमट पाणी हवं असेल तर ते तापवायचं नसतं, गार करायचं असतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण ऐटीत म्हणतो, पण नळाच्या पाण्यात ही जोडी जुळत नाही. जर्मनीत जमिनीखालच्या पाइपांतून येणारं पाणी भर उन्हाळ्यातही गारच असतं.

दुसरं टोकही आहेच. डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की वर्तमानपत्रांत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या नोंदीचा हवाला देऊन 'परभणीचा पारा घसरला' असा मथळा ठरलेला असतो. पाच-सहा अंशांच्या आसपासची पहाट इथे अनेकांनी पाहिली आहे. म्हणजे तीच माणसं, त्याच गालांनी, एका वर्षात जवळजवळ चाळीस अंशांचा फरक सोसतात. अशा जिल्ह्यात 'कोमट' हा शब्द पुरत नाही. आकडा लागतो.

तो आकडा आधी सांगून टाकतो. चेहऱ्याच्या त्वचेचं वरचं तापमान साध्या हवेत साधारण 32 ते 35 अंश सेल्सिअस असतं. शरीराच्या आतल्या 37 अंशांपेक्षा थोडं कमीच. तोंड धुण्याचं पाणी या तापमानाच्या आसपास किंवा त्याहून थोडं खाली, म्हणजे 28 ते 34 अंशांत असावं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटना, अगदी अमेरिकेतलीसुद्धा, आकडा न देता 'कोमट' एवढंच म्हणतात; वरचा पट्टा मी त्वचेच्या तापमानावरून धरला आहे. त्याच्या एखाद-दोन अंश इकडेतिकडे गेल्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते चाळिशी ओलांडल्यावर.

का बिघडतं, ते समजायला त्वचेचा सगळ्यात वरचा थर पाहावा लागतो. तो मृत पेशींचा असतो आणि जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाएवढी. या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांच्या मिश्रणाने भरलेल्या असतात. आतलं पाणी बाहेर उडून जाऊ न देणं आणि बाहेरची धूळ, जंतू, रसायनं आत येऊ न देणं, ही दोन्ही कामं हे मिश्रण करतं. त्वचेच्या नेहमीच्या तापमानाला त्यातले रेणू घट्ट, ओळीने बसलेले असतात. तापमान चाळिशीकडे गेलं की ती रचना सैल व्हायला लागते, आणि सैल झालेल्या मेदाला साबण सहज ओढून नेतो. कढत पाण्याने तोंड धुतल्यावर सुरुवातीला जे 'एकदम साफ' वाटतं आणि दहा मिनिटांनी गाल ताणल्यासारखे होतात, ते त्यामुळेच. मळ गेलेला असतोच, सोबत जे राहायला हवं होतं तेही गेलेलं असतं. हिवाळ्यात इथे पोरांचे गाल उलतात, त्यात कोरड्या हवेचा वाटा मोठा आहे. पण बाहेर कडाक्याची थंडी म्हणून आत वाफाळतं पाणी तोंडावर घ्यायचं, ही सवय त्या कोरडेपणात भर घालते.

स्पेनमधल्या ग्रानादा इथल्या संशोधकांनी 2022 साली यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. 50 निरोगी माणसांना हात गरम आणि थंड पाण्यात बुडवायला लावले आणि आधी-नंतर त्वचेतून उडून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण मोजलं. गरम पाण्यानंतर ते दुपटीहून जास्त झालं, त्वचेची लाली आणि सामू, म्हणजे पीएच, हेही वाढले. थंड पाण्यानेही पाण्याचं उडणं वाढलं, पण बरंच कमी. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थंड असो की गरम, पाण्यात फार वेळ राहणं हेच मुळात त्वचेला मानवत नाही. हा प्रयोग हातांवरचा होता आणि हात बुडवून ठेवलेले होते; तोंड आपण मिनिटभरात धुतो. तेव्हा आकडे जसेच्या तसे गालांना लावू नयेत. दिशा मात्र तीच राहते.

मग अगदी थंड पाणीच का घेऊ नये? त्याचं उत्तर खोबरेल तेलाच्या बाटलीत आहे. जानेवारीत परभणीच्या घरांतून तेलाची बाटली गोठलेली असते, कुणी ती उन्हात ठेवतं, कुणी गरम पाण्याच्या भांड्यात. खोबरेल तेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं. चेहऱ्यावरच्या तैलग्रंथींतून येणारं तेलही असाच मिश्र पदार्थ आहे. त्वचेच्या तापमानाला ते बहुतांश पातळ असतं, पुष्कळ गार झालं की घट्ट होतं. दहा-बारा अंशांच्या पाण्याने कपाळावरचं तेल, त्यात मिसळलेली धूळ, घाम आणि रात्रीची क्रीम नीट निघत नाही. माणूस मग जास्त साबण लावतो, जास्त घासतो, आणि नुकसान तापमानामुळे नाही तर घासण्यामुळे होतं. साबणाचा सामू 9 ते 10, त्वचेचा 5 च्या आसपास. जितका कमी वेळ आणि जितका कमी साबण, तितकं बरं.

'गरम पाण्याने जंतू मरतात' हा युक्तिवाद इथे पुढे येतोच, विशेषतः मुरूम असलेल्या पोरांच्या आयांकडून. जंतू मारायला जे तापमान लागतं ते चेहऱ्याला सोसणारं नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात 2017 साली 15, 26 आणि 38 अंशांच्या पाण्याने हात धुऊन पाहिले गेले. साबणाने जंतू निघून जाण्यात तिन्हीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. काम साबण आणि चोळणं करतं. मुरूम तर निव्वळ मळामुळे येतही नाहीत. त्यांचं मूळ तैलग्रंथी, संप्रेरकं आणि बुजलेल्या केसमुळांत असतं. गरम पाण्याने तोंड दिवसातून पाच वेळा खसाखसा धुणारा कॉलेजकुमार त्यांना आणखी चिडवतो, एवढंच.

पार्लरमधून पसरलेला एक समज मात्र फार चिवट आहे. वाफेने रंध्रं उघडतात आणि बर्फाने मिटतात. रंध्राला उघडमीट करणारा स्नायूच नसतो. केसाच्या मुळाशी बारीक स्नायू असतो, तो आखडला की अंगावर काटा येतो, पण त्याने रंध्राचं तोंड दारासारखं बंद होत नाही. वाफेने आत साचलेलं घट्ट तेल मऊ होतं, म्हणून काळे ठिपके काढायला सोपे जातात. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, सूज जरा उतरते, म्हणून कातडी घट्ट वाटते. दोन्ही परिणाम काही मिनिटांचे. 'आधी गरम, मग बर्फाचं' या दुहेरी विधीने त्वचेला कायमचं काही मिळत नाही. लग्नाच्या सकाळी नवरीच्या डोळ्यांखालची सूज उतरवायला कापडात गुंडाळलेला बर्फ दोन मिनिटं फिरवला तर हरकत नाही. बर्फाच्या भांड्यात तोंड बुडवून बसायचे व्हिडिओ मात्र बघून सोडून द्यावेत. चेहरा एकदम थंड पाण्यात गेला की मज्जातंतूंमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, हृदयाची तक्रार असलेल्याने तो खेळ करू नये. काही जणांना गार पाण्याने अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्यांच्यासाठी तर तो धोकाच.

उष्णतेचा त्रास ज्यांना ठळकपणे होतो अशी दोन माणसं प्रत्येक गल्लीत असतात. एक, ज्यांचे गाल-नाक सहज लाल होतात आणि लाली टिकते. दुसरी, जिच्या गालांवर वांग आहे. वांगाचं मुख्य कारण ऊन आणि संप्रेरकं, पण उष्णताही त्याला मदत करते असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात. चुलीपुढे तासभर भाकरी थापून उठलेल्या बाईचा चेहरा आधीच तापलेला असतो. तिने लगेच बंबातलं पाणी तोंडावर घेतलं तर त्वचेला उष्णतेचा दुसरा फेरा बसतो. तिने दहा मिनिटं वाऱ्यावर बसावं आणि साध्या पाण्याने तोंड धुवावं. सनस्क्रीनवर पैसे घालण्याआधी ही फुकटची गोष्ट करून पाहण्यासारखी आहे.

जुन्या वैद्यकात हा भेद स्पष्ट केलेला आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात स्नानाचा विचार येतो. गरम पाणी मानेखालच्या अंगाला बळ देणारं, तेच डोक्यावरून घेतलं तर केस आणि डोळे यांचं बळ हरण करणारं, असा त्याचा निर्वाळा आहे. वाग्भटाला सेरामाइड ठाऊक नव्हतं, आणि त्याची कारणमीमांसा आजच्या प्रयोगशाळेची नाही. पण 'गरम खाली, कोमट वर' हा व्यवहार त्याने पक्का पकडला होता. याउलट उनकेश्वरसारख्या गरम पाण्याच्या झऱ्यांची गोष्ट. परभणीहून शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात हा झरा आहे आणि त्वचेच्या विकारांसाठी तिथे आंघोळ करायला लोक श्रद्धेने जातात. अशा पाण्यातल्या गंधकाचा त्वचेवर काही उपयोग होतो, म्हणून तर मुरमांच्या आणि खरजेच्या मलमांत तो असे. पण त्यावरून 'गरम पाणी त्वचेला चांगलं' असा निष्कर्ष काढून रोज घरी कढत पाण्याने तोंड धुवायचं, हे औषधाचं श्रेय बाटलीला देण्यासारखं झालं.

आता नेमकं तापमान कसं आणायचं? आपल्याकडे त्याची यंत्रणा गीझरच्या कितीतरी आधीपासून आहे, ती म्हणजे विसण. तापलेल्या पाण्यात बेताने गार पाणी घालायचं. गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव, याच जिल्ह्यातलं, गोदावरीकाठचं. त्यांच्या नावाने गायल्या जाणाऱ्या एका अभंगात जनी न्हायला बसली आहे आणि विसणाला पाणी नाही, अशी अडचण मांडलेली आहे. पाणी तापवणं नव्हे, ते सोसवेल असं करणं ही अडचण. सातशे वर्षांपूर्वीच्या न्हाणीतलं हे दृश्य आजही बाथरूममध्ये तसंच आहे. गीझरचा लाल दिवा विझला की आपणही विसणाची बादली शोधतो.

विसणाचा हिशेब सोपा आहे. चुलीवरून उतरवलेलं उकळतं पाणी 99 अंशांच्या आसपास धरा आणि थंडीतल्या पहाटे टाकीतलं पाणी 14. एका तांब्या उकळत्या पाण्यात चार तांबे गार घातलं तर 31 अंश होतात, तीन घातले तर 35. बादली आणि हवा थोडी उष्णता खातात, म्हणून प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी. गीझरचं पाणी 60 अंशांवर असेल तर एक भाग गरम आणि दीड भाग गार, की 32 अंशांचं पाणी तयार. हा साठ अंशांचा आकडा हलक्यात घेऊ नका. भाजण्याचा अभ्यास करणाऱ्या मॉरिट्झ आणि हेन्रिकेस यांनी 1947 साली दाखवून दिलं की 44 अंशांच्या उष्णतेला त्वचा भाजायला जवळपास सहा तास लागतात, तर 60 अंशांना पाचेक सेकंद पुरतात. म्हणून लहान मुलाचं तोंड धुताना नळ सोडून ओंजळ भरू नये. आधी तांब्या भरावा, मग मूल जवळ घ्यावं.

थर्मामीटर घरोघर नसतो, हात असतो. पण कुठला हात? इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने 1690 च्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की तेच पाणी एका हाताला गार आणि दुसऱ्याला गरम वाटू शकतं. हात आधी कशात होते त्यावर ते ठरतं. मानवतच्या बाजूला कापूस वेचणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या बाईच्या तळव्याची कातडी वर्षानुवर्षांच्या कामाने जाड झालेली असते. तिच्या तळव्याला जे 'कोमट' लागतं ते तिच्या गालांना कढत असू शकतं. म्हणून तळहाताने नाही, मनगटाच्या आतल्या बाजूने किंवा कोपराने पाहावं. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आल्या. मनगटाला पाणी ना गरम, ना गार, म्हणजे नुसतं ओलं वाटलं, की ते चेहऱ्याच्या कामाचं झालं.

आणि आता मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. परभणी जिल्ह्यात तोंड धुण्याचं उत्तम पाणी बहुतेक गावांत तापवावंही लागत नाही आणि गारही करावं लागत नाही. ते जमिनीत आहे. खोल भूजलाचं तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ राहतं. इथे ते 26 ते 28 अंशांच्या आसपास येतं. वर हवा 43 झाली काय नि 6 झाली काय, काळ्या पाषाणाच्या खाली पाण्याला त्याची खबर नसते. जानेवारीत पहाटे मोटार सुरू केली की पाइपाच्या तोंडातून वाफा निघताना दिसतात, आणि शेतावर आलेला माणूस त्या पाण्यात हात घालून 'गरम हाय की!' म्हणतो. मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. पाणी तेच, आपण बदललेले. विहिरीवर शेंदून तोंड धुणाऱ्या पिढीला योग्य तापमानाचा प्रश्नच पडला नाही. तो आपल्याला पडला, कारण मध्ये गच्चीवरची टाकी आली. घरी बोअर असेल तर उपाय साधा आहे: मोटार चालू असताना टाकीत जाण्याआधीच एक बादली खाली भरून सावलीत ठेवा. उन्हाळ्यात तोंडासाठी ती, अंघोळीला टाकी.

बोअरच्या पाण्याचा दोष एकच, ते बहुधा जड असतं. भारतीय मानक पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतं. मराठवाड्यातल्या पुष्कळ विंधन विहिरी पहिली रेघ सहज ओलांडतात. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी चिकटून चिकट साका बनवतं, फेस होत नाही, आणि साका गालावर राहतो. ब्रिटनमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी दाखवलं आहे की जड पाण्याने धुतल्यावर फेस करणाऱ्या रसायनाचा अंश त्वचेवर जास्त उरतो आणि चिडचिड वाढते. अशा पाण्यात साबणाची वडी टाळून, साबणविरहित सौम्य फेसवॉश थोडासा घ्यावा आणि शेवटच्या दोन ओंजळी जास्त माराव्यात. पाणी उकळलं की या कठीणपणाचा काही भाग खाली बसतो. रॉडवर आणि बंबाच्या आत साचणारं पांढरं किटण तेच. जड पाण्याचा फारच त्रास असेल तर उकळून, निवळून, पूर्ण निवलेलं पाणी फक्त तोंडासाठी वेगळं ठेवता येतं.

उन्हाळ्यात बोअर आटलेली असते तेव्हा काय, हा प्रश्न रास्त आहे. टँकरच्या गावात तो रोजचाच असतो. अशा वेळी टाकीतलं पाणी रात्री रांजणात भरून ठेवावं. मातीच्या अंगातून पाणी झिरपून वाफ होताना उष्णता घेऊन जातं, आणि इथली मे महिन्यातली हवा इतकी कोरडी असते की चाळिशीतलं पाणी सकाळपर्यंत तिशीच्या खाली येऊन बसतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की हाच रांजण आळशी होतो. पण तेव्हा गरजही नसते. फ्रिजचं पाणी मात्र उन्हातून आल्या-आल्या तोंडावर मारू नये. सावलीत जरा टेकावं, घाम टिपावा, मग रांजणातलं घ्यावं.

दोन प्रसंगांत मात्र नियम काटेकोर पाळावा. फवारणी करून आल्यावर तोंड गरम पाण्याने कधीही धुऊ नये. उष्णतेने त्वचेतलं रक्ताभिसरण वाढतं आणि औषध आत शिरायला वाट मिळते. साधं गार पाणी भरपूर, सोबत साबण, आणि कपडे बदलणं. रंगपंचमीचा रंग काढतानाही तसंच: आधी खोबरेल तेल चोळून रंग सुटा करावा, मग कोमट पाणी. कढत पाण्याने रंग लवकर निघत नाही, कातडी लवकर सोलवटते.

एवढं जमलं की बाकीचं थोडक्यात. सकाळी आणि झोपताना तोंड धुवावं, मधे खूप घाम आला तर नुसत्या पाण्याने. टॉवेलने घासू नये, टिपावं. आणि कातडी किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, व्हॅसलीन किंवा साधी क्रीम लावावी, म्हणजे आतलं पाणी आत राहतं. लाली, खाज किंवा डाग महिनाभर हटत नसतील तर पाण्याचं तापमान बदलत बसू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

आणि एक विनंती. हिवाळ्यात बादलीत रॉड टाकून पाणी तापवत असाल तर 'कोमट झालं का' हे पाहायला चालू रॉडच्या पाण्यात मनगट घालू नका. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आधी सॉकेटमधून पिन काढा, रॉड बाहेर घ्या, मग हात घाला. आणि घरातल्या पोरांनाही हाच क्रम शिकवा.